गायकवाड साहेबांचा बत्तिसावा मुद्दा

गायकवाड साहेब कुठल्याही गाडीजवळ गेले की आधी दोन पावलं लांब थांबायचे. चष्मा काढायचे, रुमालाने पुसायचे, परत लावायचे. मग पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात करून गाडीभोवती एक फेरी. दोन पत्र्यांमधल्या फटीतून अंगठ्याचं नख फिरवायचं, दाराचं रबर चिमटीत धरून हलकेच ओढायचं, बॉनेटवर तळहात टेकवून क्षणभर थांबायचं, जणू गाडीला ताप आहे का ते बघतायत. या फेरीला चार मिनिटं लागत. मी दोनतीनदा घड्याळ लावून पाहिलं आहे. चारच्या खाली ती कधी आली नाही.

गाडी कोणाची, हा प्रश्नच नसे. पिंपळे गुरवच्या आमच्या सोसायटीत छत्तीस फ्लॅट आहेत आणि पार्किंगमध्ये एकवीस चारचाकी. या एकवीसही गाड्यांचे दोष त्यांना पाठ होते. पाहुण्यांची गाडीसुद्धा सुटत नसे. एकदा आमच्या मेहुण्याच्या नव्या गाडीभोवती ते फिरत होते. मेहुणा वरून बाल्कनीतून ओरडला, "काय हरवलंय का काका?" साहेब मान वर न करता म्हणाले, "माझं नाही. तुमचं. मागच्या डाव्या चाकाचा एक नट हरवलाय." मेहुणा चप्पल न घालताच खाली आला. नट खरंच नव्हता.

साहेबांनी चौतीस वर्षं मोटारींच्या कंपनीत नोकरी केली. आधी पिंपरीत, शेवटची चौदा वर्षं चाकणला. तयार झालेली गाडी कारखान्याबाहेर पडण्याआधी ज्या शेवटच्या माणसासमोर उभी राहते, तो माणूस म्हणजे गायकवाड. "माझ्या मागे चारशे माणसं," ते सांगत, "माझ्या पुढे कोणी नाही. माझ्यानंतर थेट गिऱ्हाईक." हे वाक्य ते मोठेपणाने म्हणत नसत. पाऊस येईल असं वाटतंय म्हणावं, तसं म्हणत.

'खराब' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. नापसंत गोष्टीला ते 'रीवर्क' म्हणत, म्हणजे दुरुस्त करून परत आणा. पसंत पडली तर दोनच शब्द: "जाऊ द्या." हा कायदा घरातही चाले. त्यांच्या पत्नी तळेगावच्या एका हॉस्पिटलात नर्स होत्या, प्रसूती विभागात. सगळी सोसायटी त्यांना सिस्टर म्हणायची आणि साहेबही तेच म्हणायचे. जेवताना पहिला घास घेऊन ते म्हणायचे, "सिस्टर, आमटी रीवर्क." सिस्टर त्यांच्यापुढे मिठाचा डबा आदळून म्हणायच्या, "घ्या. करा तुमच्या हाताने."

मी या सोसायटीचा सात वर्षं सेक्रेटरी होतो आणि भोसरीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करतो. आकडे तपासल्याशिवाय सही करायची नाही ही माझी सवय आहे, त्यामुळे आमचं जमलं असावं. मी स्वतःची गाडी घेतली तेव्हा ताब्यात घ्यायला साहेबांना बरोबर नेलं होतं. शोरूममध्ये गाडीवर फुलांची माळ, पेढ्यांचा बॉक्स, फोटो काढणारी मुलगी, सगळी तयारी. साहेबांनी माळ बाजूला सारली आणि फेरी सुरू केली. मागच्या उजव्या दाराशी थांबले. बोटाच्या पेराने दोन ठिकाणी टकटक केलं.

"हे दार परत रंगवलंय," ते म्हणाले.

विक्रेता हसला. "काका, नवीन गाडी आहे."

"गाडी नवीन आहे. रंग आणखी नवीन आहे."

मॅनेजर आला, रंगाची जाडी मोजायचं यंत्र आलं. बाकी तीन दारांवर जवळपास सारखा आकडा, या दारावर जवळजवळ दुप्पट. वाहतुकीत घासलं होतं आणि कोणी न बोलता रंगवून टाकलं होतं. नऊ दिवसांनी मला दुसरी गाडी मिळाली. परत येताना मी त्यांचे आभार मानले, तर म्हणाले, "ते दार वीस वर्षं टिकलं असतं. पण तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगून दिलं असतं तर मी जाऊ द्या म्हटलं असतं."

त्यांनी स्वतः गाडी घेतली ती निवृत्तीनंतर, बासष्टाव्या वर्षी. आणि घेतली तीही छोटी, विजेवर चालणारी. कारण सिस्टरांचे गुडघे. वर्षानुवर्षं त्या कासारवाडीहून लोकलने तळेगावला जात. आता स्टेशनचा पूल चढताना त्या दर चौथ्या पायरीला थांबू लागल्या होत्या. निवृत्तीला पाच वर्षं होती. साहेबांनी तळेगावच्या एका लहान कारखान्यात अर्धवेळ तपासणीचं काम धरलं आणि ठरवलं की सकाळी दोघं बरोबर जायचं, दुपारी बरोबर यायचं. अठ्ठावीस किलोमीटर जाणं, अठ्ठावीस येणं. रस्ता रोज तोच. "एवढ्यासाठी मोठं धूड कशाला?" ते म्हणाले. "दोन माणसं, दोन डबे, एक छत्री."

गाडी आली तेव्हा पार्किंगमध्ये अण्णा उभे होते. ज्या जमिनीवर आमची इमारत उभी आहे ती त्यांची. ते पहिल्या मजल्यावर राहतात आणि त्यांची गाडी इतकी मोठी की चढायला पायरी लागते. त्यांनी साहेबांच्या गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

"सायेब, लई ग्वाड हाय," अण्णा म्हणाले. "मोठी झाल्यावर काय होनार ही?"

"हिला मोठं व्हायचं नाही अण्णा," साहेब म्हणाले. "हिला तळेगावला जायचंय."

पण चार्जिंगची जागा मागितली तेव्हा हेच अण्णा सभेत उठून उभे राहिले. "न्हाई म्हंजे न्हाई. रातभर बॅटरी लावून ठिवनार, खाली आग लागली तर वरची मान्सं कुठनं उतरनार?" बऱ्याच माना हलल्या. सेक्रेटरी म्हणून मी साहेबांकडे बघितलं. मला वाटलं, आता कंपनीची कागदपत्रं काढतील. ते म्हणाले, "अण्णांची शंका बरोबर आहे. मला आठ दिवस द्या. आधी मोजू, मग बोलू."

आठ दिवस ते सोसायटीच्या मुख्य वायरीला चिमट्यासारखा मीटर लावून सकाळ, दुपार, संध्याकाळ आकडे लिहीत होते. शेवटी एका परवानाधारक वायरमनला घेऊन त्यांनी अर्थिंगची पट्टी जमिनीत उकरून बघितली. ती गंजून मधूनच तुटली होती. म्हणजे छत्तीस घरांतले फ्रिज, गिझर, धुण्याची यंत्रं, सगळं किती वर्षं विनाअर्थिंग चालू होतं कोण जाणे. पुढच्या सभेत त्यांनी तो गंजका तुकडा टेबलावर ठेवला.

"अण्णा, तुम्ही घाबरलात ते योग्यच," ते म्हणाले. "फक्त चुकीच्या वस्तूला घाबरलात."

अण्णांनी तुकडा हातात घेतला, उलटा केला. "म्हंजे माझा गिझर..."

"हो."

"आयला," अण्णा म्हणाले आणि खाली बसले.

नवीन अर्थिंग होऊन तपासणी पास होईपर्यंत साहेबांनी इमारतीत गाडी एकदाही चार्जिंगला लावली नाही. त्यात एकोणीस दिवस गेले. दारात नवी गाडी उभी, आणि सिस्टर अजून पुलावरच. जिन्यात मला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बघा सेक्रेटरी. नियम यांचे, पायऱ्या माझ्या."

पुढची दोन वर्षं ती गाडी घड्याळासारखी चालली. जाहिरातीत एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते तो आकडा मोठा होता. साहेबांनी तो मानला नाही. "कंपनीचा आकडा यंत्रावरचा. आपला आकडा देहूरोडचा." महिनाभर टिपणं ठेवून त्यांनी स्वतःचे आकडे काढले आणि एका कागदावर लिहून गाडीच्या काचेवर आतून चिकटवले: तळेगावला जाताना वीस टक्के, कारण चढ, येताना सतरा. एसी लावला तर तीन वाढवा. म्हणजे रोजचे सदतीस, एक दिवसाआड चार्जिंग. कोणी विचारलं, "काका, मध्येच बंद पडली तर?" की ते त्या कागदाकडे बोट दाखवत. त्या गाडीने वाटेत त्यांना कधीही उभं केलं नाही. त्यांचं पाहून सोसायटीत आणखी तीन विजेच्या गाड्या आल्या. तिसरी अण्णांच्या सुनेची.

मग ओरखडे सुरू झाले.

पहिला मागच्या डाव्या दारावर. साहेबांना तो घरी आल्यावर फेरीत सापडला. कोणीतरी घासून गेलं असेल म्हणून सोडून दिला. दुसरा पाच आठवड्यांनी, तिथेच शेजारी. तिसरा मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर. त्यांनी टेपने उंची मोजली: एकेचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस सेंटिमीटर. "एक ओरखडा म्हणजे नशीब," ते मला म्हणाले. "सारख्या उंचीवर तीन म्हणजे कारण."

कारण त्यांनी गाडीत शोधलं. हीच त्यांची चूक, आणि ती त्यांच्यासारख्यानेच करावी अशी होती. चौतीस वर्षं त्यांच्यासमोर जे उभं राहिलं त्यात दोष असू शकत होता. बघणाऱ्या डोळ्यात कधी नव्हता. डावा आरसा वाकडा बसवलाय असं ठरवून ते सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे म्हणाले, आरसा ठीक आहे. पुन्हा गेले. ठीक आहे. तिसऱ्यांदा तिथल्या माणसाने अदबीने विचारलं, "सर, गाडी दुसरं कोणी चालवतं का?" साहेब गाडी घेऊन घरी आले.

त्या रविवारी सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. हातात टेप, खडू आणि एक पिवळं फडकं. स्वतः चालकाच्या जागी बसले, नजर समोरच्या भिंतीवरच्या एका खिळ्यावर लावली. "सेक्रेटरी, हे फडकं घेऊन गाडीच्या मागून डाव्या बाजूने हळूहळू पुढे या. मला दिसलं की सांगतो."

मी चालत गेलो. मागचं चाक, मागचं दार, पुढचं दार. ते गप्प. मी पुढच्या चाकाशी येऊन उभा राहिलो. साहेब खिळ्याकडे बघत म्हणाले, "निघालात का?"

मी फडकं खाली केलं.

"कुठे आहात?"

"पुढच्या चाकाशी," मी म्हणालो.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "खडूने खूण करा. आता उजवीकडून या." उजवीकडून मी मागच्या दाराशी असतानाच ते म्हणाले, "दिसलं." मग त्यांनी मला आत बसवलं आणि फडकं घेऊन स्वतः चालले. मला डावीकडूनसुद्धा ते मागच्या दाराच्या मुठीपाशीच दिसले. तिथे त्यांनी दुसरी खूण केली. खाली वाकून त्यांनी दोन खुणांमधलं अंतर मोजलं आणि वहीत लिहिलं: साडेपाच फूट.

"आरशात दोष नाही," ते म्हणाले.

चिंचवडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं स्वच्छ, कडेचं गेलेलं, डावीकडे जास्त. गेलेलं परत येणार नाही. थेंब नियमित घातले तर आहे ते टिकेल. बाकावर बसून केलेल्या तपासणीच्या कामाला अडचण नाही. गाडी चालवणं मात्र शक्यतो टाळा, असं डॉक्टर म्हणाले.

"'शक्यतो' हे माप नाही," साहेब मला म्हणाले. त्यांनी माझ्यासमोर गाडीची किल्ली ठेवली. तिला लाल कागदी पट्टी बांधलेली होती. कारखान्यात थांबवलेल्या गाडीला लावतात तशी, जुनी, घरच्या कपाटात पडून असलेली. "आमच्याकडे नियम होता. थांबवलेली गाडी कोणी एकट्याने सोडायची नाही. दोन सह्या लागतात. किल्ली माझ्याकडे राहिली तर रविवारी रस्ता मोकळा दिसेल, आणि मी एकट्यानेच सही करीन. तुम्ही ठेवा."

किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये गेली आणि सिस्टर पुन्हा पुलावर. हा चढ आता त्यांना जमण्यासारखा नव्हता. आठव्या दिवशी गुडघा इतका सुजला की त्या कासारवाडी स्टेशनवरूनच परत आल्या. त्यांची शिल्लक रजा एकेचाळीस दिवस होती. नोकरीची तीन वर्षं राहिली होती. रजा संपेपर्यंत जायची-यायची सोय झाली नाही, तर राजीनामा. हा हिशेब आम्ही तिघांनी त्यांच्या हॉलमध्ये, बुद्धमूर्तीखालच्या सोफ्यावर बसून केला आणि कितीदाही केला तरी तोच आला.

साहेब म्हणाले, "सोडा नोकरी. पुष्कळ झालं."

सिस्टर चहा गाळत होत्या. त्या थांबल्या. "डोळा तुमचा गेला आणि नोकरी माझी जाणार? हे कुठल्या फॉर्मवर लिहिलंय?"

"मग काय करणार?"

"गाडी मी चालवणार."

साहेब हसले. सिस्टरांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. वय सत्तावन्न. पण त्या हसत नव्हत्या. "क्लच नाही, गिअर नाही, तुम्हीच सगळ्यांना सांगता. दोन पेडल आणि एक गोल. इन्क्युबेटरला याच्यापेक्षा जास्त बटणं असतात."

शिकाऊ परवाना आला. मोशीच्या एका मोकळ्या प्लॉटवर सकाळी धडे सुरू झाले. गाडी तिथवर मी नेत असे. तिथे सिस्टर चालकाच्या जागी, साहेब त्यांच्या डावीकडे, मी मागे. साहेबांनी पहिल्याच दिवशी एक फॉर्म तयार केला होता: चालक तपासणी, मुद्दे बत्तीस. आरसे लावणं, पट्टा, सुरुवात, थांबणं, वळण, उलटं नेणं, समोरच्याचा अंदाज. एकेका मुद्द्यापुढे बरोबर किंवा फुली. पहिल्या दिवशी नऊ बरोबर आले. दहाव्या दिवशी एकवीस. गाडी आवाज करत नसल्यामुळे आतलं सगळं बोलणं स्वच्छ ऐकू यायचं.

"वळताना वेग किती होता?"

"माहीत नाही."

"समोर आकडा दिसतो."

"आकड्याकडे बघितलं असतं तर त्या कुत्र्याकडे कोणी बघितलं असतं?"

"दोन्हीकडे बघायचं. रीवर्क."

"अहो, एक सांगते. हजारो बाळंतपणं केली मी. त्यातलं एकही तुमच्या या फॉर्मवर बसलं नसतं. बाळं झाली ना?"

रजेच्या चौतिसाव्या दिवशी आरटीओची परीक्षा झाली. परवाना सिस्टरांना पहिल्या फेरीत मिळाला. आम्हाला वाटलं, संपलं. साहेबांनी त्या संध्याकाळी फॉर्म भरला. एकतीस बरोबर, एक फुली. बत्तिसावा मुद्दा: डावी बाजू, पार्किंगमधल्या खांबापासूनचं अंतर.

"एकतिसावर सोडा की," मी म्हणालो.

"एकतिसावर गाडी बाहेर जात नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा एकतीस. तिसऱ्या दिवशी पुन्हा. फुली तिथेच. रजेचे पाच दिवस राहिले. सिस्टरांनी इंजेक्शनची सिरिंज धरावी तसं पेन धरलं आणि तो फॉर्म साहेबांपुढे ठेवला. "माझं काय चुकतंय ते सांगा. किती इंच? कुठे? एकदा तरी घासली का मी गाडी?"

साहेबांनी फॉर्म आपल्याकडे ओढला. "नाही."

"मग?"

"मला दिसत नाही," ते म्हणाले. "मी तुमच्या डावीकडे बसतो. समोरचं आणि डावीकडचं एकाच वेळी बघायचं असतं. मान वळवली की समोरचं सुटतं, समोर बघितलं की डावीकडचं जातं. तुम्ही बरोबर चालवत असाल. पण मी बघितलेलं नाही. न बघता बरोबर कसं करू?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो. इतके दिवस आम्हाला वाटत होतं की ते बायकोला पास करायला तयार नाहीत.

सिस्टर मात्र विरघळल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "एवढंच ना? तुमच्या कंपनीत तपासनीस आजारी पडला तर गाड्या थांबायच्या का?"

"दुसरा माणूस यायचा."

"मग आणा दुसरा."

"सेक्रेटरींना नको," साहेब लगेच म्हणाले. "ते तुमच्या बाजूचे आहेत." हे खरं होतं. "जो तुम्हाला सहज सोडणार नाही असा माणूस पाहिजे."

अशा रीतीने शनिवारी सकाळी अण्णा पार्किंगमध्ये पिवळ्या पट्ट्यांच्या चौदा नंबरच्या खांबाला टेकून, हातात टेप धरून उभे राहिले. जिन्यात निम्मी सोसायटी. साहेबांनी त्यांना काम समजावलं: गाडी या खांबाजवळून पाच वेळा जाईल, दोनदा उलटी, दर वेळी थांबवायची, अंतर मोजायचं, मोठ्याने सांगायचं. बारा इंचांच्या खाली आलं की फुली.

"आनि नीट न्हाई चालवली तर सिस्टरला मीच सांगायचं व्हय?" अण्णा म्हणाले. "माझा नातू ह्यांच्याच हातनं झालाय राव."

"म्हणूनच तुम्ही खोटं बोलणार नाही," साहेब म्हणाले आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसले.

पहिल्या खेपेला सिस्टरांनी गाडी खांबापासून इतकी लांब नेली की पलीकडच्या स्कूटरवाल्याने आपली स्कूटर मागे ओढली. "धा फूट!" अण्णा ओरडले. "ह्ये मोजायचं का बाजारात जायचं?" जिन्यात हशा पिकला. दुसऱ्या खेपेला वीस इंच. तिसऱ्या खेपेला सतरा. चौथी उलटी. गाडी हळू मागे आली, थांबली, थोडी पुढे गेली, पुन्हा मागे आली. अण्णांनी टेप लावला आणि टेपच्या जवळ डोळे नेले.

"किती?" साहेबांनी आतून विचारलं. ते समोर बघत होते. मान वळवत नव्हते.

"थांबा सायेब. नीट बघू द्या."

"किती, अण्णा?"

"पंधरा! सव्वा फूट हाय बरोब्बर! आता कर की बाबा पास, का तोंड बघतोस!"

पाचवी खेप साहेबांनी तरीही करून घेतली. सोळा इंच. मग ते खाली उतरले, फॉर्म बॉनेटवर ठेवला, बत्तिसाव्या ओळीत अण्णांची सही घेतली आणि तिच्या शेजारी स्वतःची केली. मी लाल पट्टी सोडून किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती सिस्टरांना देण्याआधी एकदा मुठीत घट्ट धरली. आपण आता ही गाडी पुन्हा चालवणार नाही, हे त्यांनी त्याच क्षणी मान्य केलं असावं. मी तेवढ्यापुरती नजर दुसरीकडे वळवली. मग त्यांचा आवाज ऐकू आला, नेहमीचा.

"जाऊ द्या."

रजेचे तीन दिवस शिल्लक असताना, सोमवारी सकाळी सव्वासहाला, ते दोघं तळेगावला निघाले.

पहिलं वर्षभर साहेब डाव्या सीटवर सतत ब्रेक दाबत असत. तिथे ब्रेक नव्हता. पायाखालच्या चटईला उजव्या टाचेखाली भोक पडलं, तेव्हा सिस्टरांनी ती चटई आणून मला दाखवली होती. "बघा. गाडी मी थांबवते आणि दमतात हे." त्यांनी नवी चटई घातली. साहेबांनी तिची शिलाई तपासून घेतली.

सिस्टरांची तीन वर्षं पूर्ण झाली. निवृत्तीनंतर दोघं तळेगावलाच राहायला गेले, मुलीजवळ. सामान हलवताना मी गावाला गेलो होतो, त्यामुळे निरोप असा झाला नाही. सिस्टरांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात मात्र ते मला एकदा दिसले होते. कामानिमित्त मी स्कूटरवरून तळेगावला निघालो होतो आणि देहूरोडच्या सिग्नलला थांबलो. शेजारी तीच छोटी गाडी. सिस्टर पांढऱ्या गणवेशात, दोन्ही हात चाकावर, नजर समोर. मला बघून त्यांनी काच खाली केली.

मी साहेबांना हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात सिस्टरांनी ओठांवर बोट ठेवलं. मी वाकून आत पाहिलं. गायकवाड साहेब डाव्या सीटवर झोपले होते. मान कलंडलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंड किंचित उघडं, आणि दोन्ही पाय सैल सोडलेले. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवायच्या बेतात दिसला, तशी सिस्टरांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला सावकाश, ठामपणे थांबवलं. वॉर्डात नातेवाइकांना थांबवत असतील तसं. तो थांबला.

सिग्नल हिरवा झाला. त्यांनी काच वर केली, आरशात बघितलं, आणि साहेबांची झोप न मोडता गाडी पुढे नेली.